मुरमाच्या वाटेवरच्या आत्या

नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या मोटारी, ट्रक, रिक्षा आणि फटफट्या एके दिवशी गोदावरीत बुडाल्या असत्या, तर सर्वांत आधी पेढे वाटले असते ते माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी. वाहनांशी त्यांचं काही वैर होतं असं नाही. डांबरी रस्ता ही माणसानं घाईघाईत केलेली चूक आहे, असं त्यांचं शांत आणि अभ्यासपूर्ण मत होतं, एवढंच. आत्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. लग्न केलेलं नव्हतं, पन्नाशी जवळ आली होती, आणि दर रविवारी सकाळी आपली काळी, जडशीळ सायकल काढून त्या त्र्यंबकच्या नाहीतर दिंडोरीच्या डोंगरांकडे निघत. वाटेत डांबर आडवं आलं, की खाली उतरत, सायकल हातात धरून ओल्या फरशीवरून चालावं तशी पावलं टाकत पलीकडे जात, आणि मुरूम लागला की पुन्हा स्वार होत. सगळ्या बायका नऊवारीतून पाचवारीत आल्या त्या काळात आत्या पाचवारीतून नऊवारीत गेल्या, का तर काष्टा साखळीत अडकत नाही. सायकलची घंटी त्यांनी काढूनच टाकली होती. "वाजवायची कुणासाठी? घोरपडीसाठी?"

शाळेतून बाद झालेल्या एका नकाशावर त्यांनी आपल्या सगळ्या बैलगाडीवाटा शिसपेन्सिलीनं काढल्या होत्या. पाणी कुठे गोड, सावली कुठे दाट, कुठल्या वस्तीवरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला मनापासून चावतो, याची नोंद त्यात होती. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायला त्या काळा सपाट कातळ शोधत, आणि बसण्याआधी त्यावर हात ठेवून म्हणत, "हा एके काळी पातळ होता बरं. कढीसारखा वाहत आलाय." संध्याकाळी परतल्या, की चपला काढायच्या आधी दारातूनच जाहीर करत, "आज एकही गाडी नाही!" एखाद्या रविवारी मात्र चेहरा उतरलेला असे. "एक ट्रॅक्टर होता. पण बंद पडलेला होता," असं म्हणून स्वतःचीच समजूत काढत.

सासरी आल्यावर पहिली तीन वर्षं मीही घरातल्या सगळ्यांसारखी त्यांना हसत होते. मग आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीनंतर, माझी शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर आली आणि माझं हसू मावळलं. गाव त्र्यंबक रस्त्यावरच्या एका फाट्यापासून चार मैल आत, डोंगराच्या कुशीत. फाट्यापर्यंत एसटी, पुढे फक्त बैलगाडीची वाट. हजर व्हायला नऊ दिवस. घरात दीड वर्षाची मुलगी. तिला सासूबाई सांभाळणार होत्या, पण संध्याकाळी मी घरी यायलाच हवं होतं. रोज जाऊन येऊन आठ मैल चालायचं आणि वर शिकवायचं, हे कुणालाच पटेना. नवरा म्हणाला, "राहू दे. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ येत नसते हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

आत्या ताक पीत होत्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "सायकलवर चार मैल म्हणजे काय मोठंसं?"

मी दहा वर्षांची असताना मेन रोडवर सायकल शिकताना टांग्याखाली जाता जाता वाचले होते. हनुवटीवर अजून वण आहे. त्यानंतर मी सायकलला हात लावला नव्हता. मी हे सांगितलं तर आत्या म्हणाल्या, "टांगा होता ना तिथं? मी तुला नेते तिथं टांगाही नाही."

दुसऱ्या दिवसापासून पाटाच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर माझी शाळा सुरू झाली. पहिले तीन दिवस पायडल मारायचंच नाही, नुसतं बसून उतारावरून घरंगळायचं. आत्या समोर उभ्या राहून, विमान उतरवावं तसे दोन्ही हातांनी इशारे करत, आणि मी जवळ आले की चपळाईनं बाजूला उडी मारत. गुडघे फुटले, कोपर सोलवटलं. "सुट्या खडीवर ब्रेक आवळायचा नाही. तिला थोडं घसरायचं असतं, घसरू द्यावं." हे वाक्य त्यांनी मला किमान शंभर वेळा ऐकवलं असेल. त्या रस्त्यावर एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी जाणवली. मी पडले तरी बघायला कुणी नव्हतं. तसं बोलून दाखवल्यावर आत्या म्हणाल्या, "डांबरावर सगळे आपल्याला बघतात. इथं आपण बघायचं."

हजर व्हायच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी एसटीच्या थांब्यावर उभ्या राहिलो, दोन सायकलींसकट. कंडक्टर वैतागला. "बाई, दोन दोन सायकली? ही यष्टी हाय का मालगाडी?" आत्यांनी वर्गात वापरायचा आवाज काढला. "मास्तरीण आहे ती. शाळेत चालली आहे. चढवा वर." कंडक्टर मुकाट्यानं टपावर चढला.

फाट्यावर उतरलो. पहिले दोन मैल बरे गेले. मग खिंड आली आणि खिंडीपलीकडे काळ्या सुट्या खड्यांचा लांब उतार. आत्या पुढे, मी मागे. माझं लक्ष डावीकडच्या कड्याकडे गेलेलं त्यांनी खांद्यावरून पाहिलं, आणि पूर्ण मागे वळून त्या ओरडल्या, "पुढे बघ!" त्याच क्षणी त्यांचं चाक दगडावर चढलं आणि त्या आडव्या झाल्या.

घोटा बघता बघता सुजला. पाय टेकवेना. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि शाळा साडेचारला बंद होणार होती.

"मी तुम्हाला अशी टाकून कशी जाऊ?" मी म्हणाले.

"मी काय विहिरीत पडलेय? रस्त्यात पडलेय. इथून कोण जाणार आहे माझ्या अंगावरून?" मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "सही करून ये गं. जा."

मी निघाले. पहिला फर्लांगभर चाकापुढच्या खड्यांवरून नजर हलवली नाही. मग कधीतरी लक्षात आलं, मी ब्रेक धरलेलाच नाही. सायकल थोडी घसरत होती, सावरत होती. दोन्ही बाजूंना वाळून पिवळं पडलेलं गवत, वर काळे कडे, आणि टायरखाली खडे करकरण्याचा तेवढा आवाज. छातीवरचं दहा वर्षांच्या मुलीचं ओझं त्या उतारावर कुठेतरी पडून गेलं. मुख्याध्यापक, म्हणजे त्या शाळेतले एकुलते एक शिक्षक, शाळेच्या ओट्यावर उभे होते. "आलात? आज कुणी येत नाही असंच धरून चाललो होतो," ते म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं.

गावातल्या एका म्हाताऱ्याची बैलगाडी घेऊन मी परत आले. उतारावर आत्यांची सायकल पडलेली होती. आत्या नव्हत्या. मी हाका मारत सुटले. बिबट्यापासून सगळं मनात येऊन गेलं. गाडीवाला म्हणाला, "ओरडू नका बाई. पाय सुजल्यालं मानूस लय लांब नाय जायाचं." तेवढ्यात वरच्या अंगाच्या एका झोपडीतून ओळखीचा, तास घ्यायचा आवाज आला. मी धावत गेले. बाजेवर आत्या, घोट्यावर हळदीचा लेप, हातात चहा, आणि समोर उकिडवी बसलेली, खांद्याचा आधार देऊन त्यांना वर घेऊन आलेली एक आजीबाई. हा सगळा डोंगर एके काळी कसा खदखदत होता, ते आत्या तिला समजावत होत्या.

"म्हंजी आमचं घर चुलीवर हाय म्हना की," आजीबाई म्हणाली.

मी उंबऱ्यातच बसले आणि रडायला लागले.

"सही झाली?" आत्यांनी विचारलं.

"झाली."

"मग रडतेस कशाला? वाटेत गाड्या किती लागल्या?"

"एकही नाही."

"बघ!" असं म्हणून त्यांनी उरलेला चहा माझ्या हातात दिला.

त्या शाळेत मी आठ वर्षं नोकरी केली. आत्यांचा घोटा दीड महिन्यात बरा झाला, आणि रविवारी आम्ही दोघी निघू लागलो. घरातले आता दोघींना हसत. पुढे आत्या रिटायर झाल्या, गुडघ्यांनी दगा दिला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि त्या देवळाली कॅम्पला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. भाऊ-भावजय जीव लावणारी, पण पायरीखाली पाऊल टाकू देत नसत. मी एकदा सायकल घेऊनच गेले. भावजय आत पोळ्या करत होती, तेवढ्यात मी आत्यांना कॅरिअरवर बसवलं आणि कॅम्पाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्याला लागले.

दुसऱ्याच्या मागे बसण्याची ही त्यांची पहिलीच खेप असावी. त्यांनी माझ्या कमरेला हात घातला. ओझं असं जाणवतच नव्हतं. मैलभर गेलो तरी त्या काही बोलेनात. खड्डा आला, उतार आला, एकही सूचना नाही. मला भीती वाटायला लागली.

"आत्या, दमलात का? फिरवू का परत?"

पाठीमागून आवाज आला.

"इतक्यात?"