माझ्या टिपणांचा पंचनामा

जर्मनीशी युद्ध पेटलं तेव्हा मी मुंबईत जर्मन कवितेवर आणि युरोपातल्या विचारांच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होतो. सहा वर्षांची टिपणं, सगळी जर्मनमध्ये, पत्र्याच्या ट्रंकेत भरून मी शहाद्याजवळच्या आमच्या गावी आलो. इथे निवांत लिहून होईल, असं मला वाटलं होतं. आठ दिवसांत फौजदार दारात हजर. शत्रूच्या भाषेतले कागद घरात आहेत, अशी कुणीतरी कागाळी केली होती.

कागद ताब्यात घ्यायचे तर पंचनामा हवा. आणि पंचनाम्यात 'पंचांसमक्ष वाचून दाखवले' हे वाक्य हवंच, त्याशिवाय फौजदारांचं पान हलेना. मग ओट्यावर दोन पंच बसले, शेजारचा शेतकरी आणि गावातले म्हातारे पिंजारीचाचा. दोन दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी जर्मन वाचत होतो. पान संपलं की दोघं त्यावर अंगठा उठवायचे. फौजदार डुलक्या घेत. चाचा मात्र मन लावून ऐकायचे.

"थोडं जोरमा वाच भाऊ," ते म्हणायचे. "मांगलं पान मज्यानं व्हतं."

इतक्या आस्थेनं माझं संशोधन विद्यापीठात कुणी ऐकलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

आता कागद धोक्याचे आहेत का, हे ठरवायला सरकारला जर्मन जाणणारा तज्ज्ञ हवा होता. जिल्हाभर शोध झाला. जर्मन येणारा माणूस एकच निघाला, आणि तो संशयित होता. तेव्हा फौजदारांनी मलाच तज्ज्ञ नेमलं आणि वर बजावलं, "तपासणी होईपर्यंत संशयिताशी बोलायचं नाही." मी कबूल केलं.

अहवालात एकच प्रश्न होता. हे लेखन कुणाच्या उपयोगी पडण्यासारखं आहे काय? हो लिहिलं तर ट्रंक युद्ध संपेपर्यंत सरकारजमा, म्हणजे प्रबंध गेला आणि माझी सहा वर्षं पाण्यात. मी लिहिलं, "हे लेखन कोणालाही, कधीही, कशाच्याही उपयोगाचं नाही." खाली झोकात सही ठोकली. फौजदार खूश झाले. रिवाजाप्रमाणे तेही त्यांनी पंचांसमक्ष मोठ्यानं वाचलं आणि ट्रंक माझ्या हवाली केली.

वडील खांबाला टेकून ऐकत होते. पोरगं भलतंच बिनकामाचं काहीतरी शिकतंय, असं हा कापूस पिकवणारा माणूस सहा वर्षं गावभर सांगत आला होता. आज सरकारी कागदानंच त्यांचं म्हणणं खरं केलं, आता ते चारचौघांत माझी टर उडवणार, म्हणून मी आधीच हसायला लागलो.

ते हसले नाहीत. माझ्याकडे बघेनातही.

"मी म्हणस ते येगळं," ते म्हणाले. "तू कसाले लिखी दिधं?"