बंगाली हाय एक

आमच्या सणसवाडीत खोल्या भाड्याने द्यायला भूगोल फारसा लागत नाही. हिंदी बोलला की भैया, डोळे बारीक असले की नेपाळी, मासे तळले की बंगाली. मी शाळेत भूगोलच शिकवायचो.

त्या दिवशी सकाळी दोन गाड्यांवरून चौघे आले. पुढारी माझाच जुना विद्यार्थी. निवडणुकीत पडला, पण फ्लेक्सवर अजून ‘भावी’ आहे.

"गुरुजी, वरच्या खोलीत कोण ठिवलाय?"

"बंगाली हाय एक." मी चहाचा घोट घेत म्हणालो.

"बांगलादेशी म्हणा की!"

"न्हाई रे, बंगाली."

"तेच ते. कंपनीतून तीनला सुटतो ना? येतो मग, जरा चौकशी करायला."

मागल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत यांनीच एकाची चौकशी केली होती. त्याचा हात अजून गळ्यात आहे. माझा चहा तसाच राहिला.

कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून अडीचलाच गेटवर जाऊन उभा राहिलो. माझा भाडेकरू बाहेर आला. मी सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"सर, मैं बंगाली कहाँ हूँ?"

घर आसामात, चहाच्या मळ्यात. पणजोबा झारखंडहून आलेले. घरात सादरी बोलतात. तो स्वतःला आदिवासी म्हणवतो, पण तिथे तसा दाखला मिळत नाही. बाकीचे ‘बगानिया’, म्हणजे मळेवाले, म्हणतात, तेही नाक मुरडून. हे सगळं मला तो राहायला आल्यावर सात महिन्यांनी, रस्त्याने चालताना कळलं.

मी वाक्य जुळवत होतो. आसामचा म्हणावं, तर त्या चौघांना आसाम आणि बांगलादेश एकच. आदिवासी म्हणावं, तर दाखला मागतील. झारखंडचा म्हणावं, तर आधार कार्डावर आसाम. 

दारात गाड्या होत्याच.

"ह्योच का बंगाली?"

"माझं चुकलं. तो बंगाली न्हाई."

"मग कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते, तोही. त्याने आधार कार्ड पुढे केलं. पुढाऱ्याने कार्डाचा फोटो काढला. "आमच्या वरच्यांना विचारतो. उद्या येतो."

ते गेल्यावर तो पिशवी भरू लागला. मी समजावतो त्यांना, असं मी म्हणालो.

"सर, आपने एक बार बोल दिया है. अब वो लोग वही बोलेंगे."

त्याला एकट्याला सोडायचा धीर होईना. दौंडला रेल्वे मिळेल म्हणून न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरली. कंडक्टर ओळखीचा निघाला.

"गुरुजी, हे कोण म्हणायचे?"

"दोन दौंड द्या," मी म्हणालो.