डॉक्टरांच्या टेबलावरची गाळणी

ज्या ठिकाणी माणसं सकाळची पहिली लघवी डबीत भरून, पिशवीत घालून, रिक्षानं घेऊन येतात, तिथं किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी काउंटरवर येतात. आचोळ्यातल्या एका किडनी क्लिनिकमध्ये मी लॅब टेक्निशियन आहे. जेवताना मी नुसतं तोंड उघडलं तरी मुलगी म्हणते, "आई, आधी जेवून घेऊ."

*

आमच्या डॉक्टरांना समजावून सांगायची भारी हौस. टेबलावर चहाची गाळणी कायम. पेशंट बसला की ती त्याच्या नाकासमोर धरून सुरू: "ही तुमची किडनी. घाण खाली जाते, प्रोटीन वर राहतं. रक्तात साखर वाढली की ती जाळीच्या धाग्यांना चिकटून बसते. जाळी जाड होते, बिघडते आणि प्रोटीन लघवीतून गळायला लागतं."

विरारचे एक काका पुढच्या वेळी आले ते एकदम खुशीत. प्रोटीन मात्र आणखी वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पथ्य पाळलं का?"

"पथ्य कशाला? घरची गाळणीच बदलली. आता स्टीलची घेतली."

*

वसईचे एक रिटायर्ड मास्तर येतात. त्यांना आम्ही सरच म्हणतो. त्यांची शंका अशी, की जाळी जाड झाली तर गळणं कमी व्हायला हवं, मग वाढतं कसं?

असं कोणी विचारलं की डॉक्टर बाहेरची रांग विसरतात. "सर, जाळीवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि प्रोटीनवरही. दोन तापट शेजारी समजा. एक दारात उभा असला की दुसरा पाऊल टाकत नाही. डायबेटिसमध्ये दारातला मवाळ पडतो. मग दुसरा सरळ आत."

सर बायकोकडे वळले. "ऐकलंस? आणि तू मला फादरकडे नेऊन भावाशी समेट करायला लावतेस."

"तुमचा भाऊ किडनीत नाही, बाजूच्या वाडीत राहतो," त्या म्हणाल्या.

*

जाळीला बाहेरून पेशी बिलगलेल्या असतात. त्यांचे पाय बोटांत बोटं घातल्यासारखे एकमेकांत गुंतलेले, आणि मधल्या फटींना प्रोटीनचे बारीक टाके. साखरेनं टाके उसवतात, पाय सपाट होतात. हे दाखवायला डॉक्टरांनी एकदा वेटिंगमधल्या सगळ्यांना बोटांत बोटं गुंतवून उभं केलं. तेवढ्यात फोन आला, ते आत गेले आणि विसरले.

मी बऱ्याच वेळानं बाहेर आले तर भिंतीपासून दारापर्यंत साखळी तशीच. एक आजोबा हळूच म्हणाले, "मॅडम, नाक खाजवायचंय. हात सोडला तर कोणाची किडनी जाईल का?"

*

आता आतली गोष्ट. डॉक्टरांना स्वतःलाच डायबेटिस आहे. गोळ्या घेतात, आणि पेशंटनं प्रेमानं आणलेली सुकेळीही खातात. वाळवलेलं केळं म्हणजे फळच, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी त्यांच्या सुजलेल्या पायांवर मोज्यांचे वळ उठलेले दिसायचे आणि मला खरंच भीती वाटायची. लघवी तपासा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उद्या."

शेवटी मी डबीवर त्यांचं नाव लिहून ती टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यात पेनं उभी होती.

*

अर्नाळ्याच्या पार्वतीबाई मासळी सुकवतात. शुगर वाढलेली, पण डबी हातात घ्यायला तयार नाहीत. डॉक्टरांचं गाळणीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळं सांगून झालं. "लवकर कळलं तर सावरता येतं, पार्वतीबाई. उशीर झाला तर जाळी परत विणता येत नाही."

पार्वतीबाई टेबलावरच्या पेनांकडे बघत होत्या. "ही डबी कोनाची?"

"डॉक्टरांची," मी म्हणाले.

"मंग तुमी पयले. मी तुमच्या मागून."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. अखेर त्यांनी टेबलावर पेनं ओतली आणि तीच डबी घेऊन निघाले. "ती नको, नवी घ्या," मी म्हणाले.

दोन्ही नमुने मी लगेच तपासले. पार्वतीबाईंचा ठीक निघाला. डॉक्टरांचा नाही. त्यांनी रिपोर्ट उभ्याउभ्या वाचला आणि जवळच्या, पेशंटच्या खुर्चीत बसले.

पार्वतीबाईंनी टेबलावरची गाळणी उचलली आणि त्यांच्या नाकासमोर धरली.

"डाक्टर, ही तुमची किडनी."