सोयरिकीच्या बैठकीतला इतिहास

पुण्यात निवृत्त माणूस एकतर सकाळी टेकडी चढतो, नाहीतर इतिहास सांगतो. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात.

त्यात आमचं घराणं मूळचं गोव्याचं. पोर्तुगीजांच्या धाकानं आमच्या पूर्वजांनी देवीची मूर्ती होडीत घातली आणि रातोरात नदीपलीकडे नेली. हे सांगताना ह्यांचा आवाज असा भरून येतो, की वल्ही ह्यांनीच मारली असावीत. खडकवासल्याच्या पाण्यात पाय बुडवतानाही हे माझा हात धरतात, ते सोडा.

तर आमच्या लेकीनं लग्न ठरवलं ते नेमकं मूळ गोव्याच्याच मुलाशी. ह्यांचा चेहरा खुलला. मुलगा ख्रिश्चन आहे हे कळल्यावर मिटला. त्याला वडील नाहीत, आई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, घर येरवड्याला. लेकीनं हट्ट धरला तेव्हा हे भेटायला कबूल झाले. माझी एक अट आहे, ती समोरासमोरच सांगेन, म्हणाले.

रविवारी मायलेक बिबवेवाडीला आमच्याकडे आले. मी पोहे केले होते. ते निवले, कारण ह्यांनी पोर्तुगीजांपासून सुरुवात केली. देवळं कशी पाडली, जमिनी कशा काढून घेतल्या, अंगणात तुळस दिसली तरी कशी शिक्षा व्हायची. बाटा, नाहीतर घरदार सोडा, असा हुकूम. त्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त ऐकवलं अशा थाटात, की पोर्तुगीजांची जहाजं समोरच्या बाईंनीच आणली होती.

मग ह्यांनी त्यांचं मूळ गाव विचारलं. त्यांनी सांगितलं आणि हे चमकले. आमची देवी त्याच गावातून हलवली होती. हे इतके खूश झाले, की गाववाल्यांना अजून पोहे वाढ म्हणाले. बाईंनी सांगितलं, की त्यांची आजी दरवर्षी नदी ओलांडून त्याच देवीला तेल वाहून यायची, पाद्रीबाबांना न कळवता.

"तुमची माणसं देवीला घेऊन गेली," त्या म्हणाल्या. "आमची होडीत मावली नसणार. मार मागे राहिलेल्यांनीच खाल्ला."

यावर ह्यांनी घाईघाईनं अट काढली. मुलानं शुद्धी करून घ्यावी, सगळा विधी आम्ही करू. नाहीतर आमच्या मुलीनं या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. जबरदस्ती अजिबात नाही, असंही वर म्हणाले.

मुलगा काही बोलणार होता. आईनं त्याला हातानंच थांबवलं.

"बाटा, नाहीतर घर सोडा. अहो, हे आमच्या कुळाला दुसऱ्यांदा ऐकवलं जातंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा आमच्या लोकांनी घर धरून ठेवलं. या वेळी आम्ही निघतो."

मायलेक उठले. त्यांच्यामागोमाग आमची लेक उठली. मला रडू येत होतं आणि ह्यांचा भयंकर राग येत होता. हे माझ्याकडे बघत राहिले, मी तिला अडवीन म्हणून. मी आत गेले आणि तिचं हेल्मेट आणून तिच्या हातात दिलं.