फ्रिजवरची सुचित्रा

सुचित्रा जाड आहे. हे आम्हाला सांगायला कुणी फ्रान्सहून यायची गरज नव्हती. सिंगापुरातल्या पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकमध्ये रविवारी सगळ्यांत आधी सायकल काढायची ती तीच. पुलाउ उबीन बेटावरच्या चढावर आम्ही बारीक बायका धापा टाकत असायचो, तेव्हा वर उभी राहून हसायची तीही तीच.

तिचा नवरा पद्माकर. आयटीत मॅनेजर, फावल्या वेळात चित्रकार. गेल्या सुट्टीत दोघं फ्रान्सला गेले. तिथे समुद्राकाठच्या एका गावात त्यांनी एका व्यंगचित्रकाराचं म्युझियम पाहिलं. भिंतीभिंतीवर डोंगराएवढ्या बायका आणि त्यांच्या काखेत सापडलेले काडीपैलवान नवरे. सुचित्राही हसली म्हणे. कागदावरच्या परक्या बाईला हसायला काय जातं? पद्माकरला मात्र तिथे साक्षात्कार झाला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण मी आणतो, असं तो आपणहून म्हणाला. ज्याला संक्रांत कधी असते तेही सांगावं लागतं, तो वाण आणतो म्हटल्यावर बिचारी हरखून गेली. बांधलेल्या पुड्या तिनं न उघडता, हळदकुंकू लावून, स्वतःच्या हातानं आम्हाला दिल्या. आत फ्रिजला लावायचं मॅग्नेट. त्यावर हुबेहूब सुचित्रा, पण हत्तीएवढी. खाली चेपलेली सायकल आणि चाकाखाली जीभ बाहेर आलेला पद्माकर. बायका खो खो हसल्या. मला इतका संताप आला की माझं मॅग्नेट मी घरी जाताच कचऱ्यात टाकलं.

पुढच्या रविवारी ईस्ट कोस्टच्या सायकल ट्रॅकवर आमच्यातल्या चैत्रालीची लहानगी इरा सुचित्राला पाहून ओरडली, "मम्मा, दॅट्स द फ्रिज आंटी लाह!" पोरीचा काय दोष? पण सुचित्रानं तिथूनच सायकल वळवली आणि पुन्हा काढलीच नाही.

सगळी मॅग्नेटं परत आण, एवढंच तिनं पद्माकरला सांगितलं. तर हा म्हणतो, दिलेलं वाण परत मागत नाहीत आणि तुला विनोद कळत नाही. जन्मात कधी न पाळलेली रीत नेमकी आत्ता आठवली मेल्याला.

रथसप्तमीला चैत्रालीकडे शेवटचं हळदीकुंकू होतं. पद्माकर बायकोला न्यायला आला आणि दारात उभा राहिला. नवरा समोरच आहे, आता उखाणा घे, म्हणून बायकांनी सुचित्राला धरलं.

"नाव घेणार नाही," सुचित्रा म्हणाली. "यानं माझं तोंड घरोघरी लावलंय. आधी घरोघरी जाऊन ते काढून आणू दे."

पद्माकर हसला आणि आमच्याकडे पाहू लागला. या वेळी कुणी साथ दिली नाही. चैत्राली आत गेली, फ्रिजवरचं मॅग्नेट काढून आणलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"अगं, दिलेलं वाण कुणी..." तो पुटपुटला.

"ते वाण नव्हतं," सुचित्रा म्हणाली. "घे ते."

त्यानं घेतलं. खिशात घालायला लागला, तेव्हा मी म्हटलं, थांब, पिशवी देते, अजून बरीच घरं व्हायची आहेत.