यांना बँकॉक दाखवलं

बँकॉक बघायची हौस यांची, माझी नव्हे. मला विचाराल तर सुट्टी म्हणजे पुण्याला बहिणीकडे जायचं आणि आयतं खायचं. पण हे कॅनडात, बर्नाबीत आलो तेव्हापासून म्हणत, एकदा भारतात जाताना मध्ये बँकॉकला उतरू, नदीतून फिरू, देवळं बघू. आधी घराचे हप्ते होते, मग मुलीचं शिक्षण, मग सासूबाईंचं आजारपण. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणता म्हणता हे रिटायर झाले, आणि रिटायर झाल्यावर विसरायला लागले.

विसरणं म्हणजे चष्मा कुठे ठेवला तसलं नव्हे. बर्फ पडला तेव्हा शोव्हल करायला म्हणून गेले ते पार कोपऱ्यावरच्या परक्या घराचा ड्राइव्हवे साफ करत उभे, पायात घरातल्या सपाता. एकदा ग्रोसरीच्या दुकानात माझा हात सोडून गेले आणि पोलिसांनी घरी आणून सोडलं. तेव्हा मुलगी म्हणाली, "मॉम, धिस इज नॉट सेफ. तुलाच काही झालं तर?" तिनं एका केअर होममध्ये बाबांचं नाव घातलं होतं. एक खोली रिकामी होतेय, हो की नाही कळवा, असा त्यांचा फोन आला होता.

मी म्हटलं, "मी धडधाकट असताना त्यांना परक्यांत कशाला ठेवायचं? त्यांच्या खाण्याचं काय, बोलण्याचं काय? मी त्यांना बँकॉकला नेऊन आणते. नीट सांभाळून आणलं तर तू केअर होमचं नाव काढायचं नाहीस."

"अँड इफ यू कान्ट?"

"मग तू म्हणशील ते."

आता वाटतं, पैज लावायची ती काय यांच्यावर? पण मला खरंच वाटत होतं की मी जिंकेन. इतकी वर्षं यांचं सगळं मीच तर केलं.

आणि पहिला दिवस खरंच चांगला गेला हो. हॉटेलच्या खिडकीतून नदी दिसत होती, त्यावर लांबलचक होड्या. हे खुर्ची ओढून बसले आणि "पाण्याला ओढ आहे बरं का," म्हणाले. सगळा जन्म पुलांच्या कामात गेलेला माणूस. मला वाटलं, आले, माझे हे परत आले.

दुसऱ्या दिवशी निजलेल्या बुद्धाच्या देवळात गेलो. केवढी मूर्ती ती! सोन्याचा डोंगरच कुशीवर झोपलाय. तळपायांवर शिंपल्यांची नक्षी. आमच्याकडे कुणी पाय पुढे करून बसलं तर आम्ही ओरडतो, आणि इथे लोक पावलांचेच फोटो काढत होते. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीलगत पितळी भांडी ओळीनं मांडलेली. वाटीभर चिल्लर घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत पुढे सरकायचं. टण्ण, टण्ण. हे इतके रमले की काय सांगू! एक भांडं चुकवलं नाही, हात थरथरला नाही. मी व्हिडिओ काढून मुलीला पाठवला. खाली लिहिलं, बघ तुझे बाबा.

बाहेर आलो. तिथे चपला-बूट हातातल्या पिशवीतून न्यायचे असतात. यांचे बूट माझ्याच पिशवीत होते. यांना म्हटलं, इथे उभे राहा, आणि मी पायरीवर टेकून आधी माझे सँडल चढवले. गुडघे असे की वाकायला वेळ, उठायला वेळ. पट्टा लावून वर बघते तो हे नाहीत.

माणसं, छत्र्या, झेंडे घेतलेले गाइड, सगळे आहेत. हे नाहीत. आणि फरशी अशी तापलेली की सँडलमधूनही चटका बसावा. यांच्या पायात नुसते मोजे.

मी ओरडत सुटले, "अहो! अहो, कुठे आहात? अहो!"

आणि काय व्हावं? पुढे एक घोळका चालला होता, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, त्यातले तीन-चार बाप्ये गर्रकन वळले! आपलीच टूर होती, महाराष्ट्रातली. एक बाई हसत म्हणाली, "काकू, घरी दहा हाका मारल्या तरी आमचे हे हलत नाहीत, आणि तुमच्या एका हाकेला बघा!" तिचे हे म्हणाले, "तुझी हाक आणि त्यांची हाक यात फरक आहे म्हटलं." मग माझं तोंड बघून तिनं त्यांच्या टूरवाल्याला बोलावलं.

टूरवाला मुलगा भला होता. "काकांचं नाव सांगा, मी सगळीकडे पुकारतो," म्हणाला. मी आडनाव सांगितलं. "पहिलं नाव?" माझी जीभच वळेना. बँकेत, डॉक्टरकडे "माय हजबंड" म्हणून भागलं होतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी पर्समधून पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला.

तेवढ्यात फोटो बघून त्या बाईनं माझा दंड धरला. "काकू, ते बघा, आमच्या मागच्या मंडळींत कोण बसलंय."

झाडाखालच्या कट्ट्यावर त्याच टूरमधल्या बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध हे. हातात चकली. मराठी कानावर आलं तशी यांची पावलं तिकडे वळली असणार. गप्पा चालल्या होत्या, आणि केवढे हसत होते! बर्नाबीत आमच्या टेबलावर असं हसून वर्षं झाली होती.

मी जवळ गेले. "अहो, चला."

यांनी माझ्याकडे बघितलं. आणि परत त्या बायकांकडे वळून बोलायला लागले.

एकीनं विचारलं, "काका, या मिसेस का तुमच्या?"

"छे हो," हे म्हणाले. "माझं लग्न व्हायचंय अजून."

असा हशा पिकला! "काका भारी आहेत!" "मग स्थळं बघायची का?" मीही हसले. काय करणार? चारचौघांत आणखी काय करतात?

मी दंडाला धरून उठवायला गेले तर यांनी कट्टा घट्ट धरला. "बाई, हात सोडा," म्हणाले. रागानं नव्हे, परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीनं. मी दोनदा, तीनदा म्हटलं, अहो चला. त्या 'अहो'ला कुणी उरलंच नव्हतं.

मग मी यांना नावानं हाक मारली. यांच्या थोरल्या बहिणीसारखी, एकेरीत. "ऊठ. चल पाहू." ते नाव इथे लिहायलाही माझा हात धजत नाही.

हे लगेच उठले. पोरानं द्यावा तसा माझ्या हातात हात दिला आणि हळूच विचारलं, "ताई, आई रागावलीय का गं?"

हसणं थांबलं. चकलीचा डबा मांडीवर घेतलेली बाई उठली, माझ्या पिशवीतले बूट काढले आणि खाली बसून यांच्या पायात घातले. तळव्यांना फोड आले होते. यांनी हूं का चूं केलं नाही.

हॉटेलवर मुलीला फोन केला. ती आनंदात होती. "मॉम, दॅट व्हिडिओ! बाबा लुक्स सो हॅपी!" तिला व्हिडिओच ठाऊक. मी गप्प राहिले असते तर पैज जिंकले असते. पण समोर हे पलंगावर बसले होते, पायांना मलम लावलेले, आणि माझ्याकडे "ताई, पाणी" म्हणून मागत होते.

मी म्हटलं, "खोलीला हो म्हणून टाक."

"मॉम? व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. मला नाही जमत."

ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. होडीची तिकिटं काढलेली होती म्हणून टॅक्सी करून गेलो आणि बसलो. दोन्ही काठांना सोन्याचे कळस गेले म्हणतात. मला आठवतोय तो इंजिनाचा आवाज. पुण्याचं पुढचं तिकीट रद्द करून परत आलो.

आता हे केअर होममध्ये आहेत. स्वच्छ जागा आहे, कुणी ओरडत नाही, खोटं कशाला बोलू? मी बसनं जाते, डब्यात मऊ भात नेते. यांचं इंग्लिश मात्र पार गेलं. ज्या इंग्लिशवर इथे नोकरी केली त्यातलं थँक्यूसुद्धा राहिलं नाही. दिवसभर मराठीत बोलतात आणि तिथे कुणाला अक्षर कळत नाही.

परवा नर्स म्हणाली, "ही टॉक्स अँड टॉक्स! सो स्वीट. व्हॉट इज ही सेइंग?"

हे माझ्यामागून दाराकडे बघत म्हणत होते, "मला इथे कुणी आणून ठेवलं? कुणीतरी सांगा हो."

मी नर्सला म्हटलं, जेवण छान होतं म्हणतायत. तिला बरं वाटलं. ती पुढच्या खोलीत गेली आणि यांनी तोच प्रश्न मला विचारला.