जिन्याखालच्या चार क्लच प्लेटा

आमच्या जिन्याखाली गव्हाचं एक पोतं आहे आणि त्यात गहू सोडून बाकी सगळं आहे. अकरा वर्षांत आमच्या गाडीतून जे जे निघालं ते तिथं. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, तसा नियमच आहे: मिस्त्रीनं पार्ट बदलला की जुना घरी आला पाहिजे. जुनाच पार्ट पुसून परत बसवतात अन् नव्याचे पैसे लावतात, असं गाडी घेतली तेव्हा ऑफिसात कोणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं. मी दर दिवाळीला त्या पोत्याभोवतीनं झाडू मारायची आणि बडबडायची. एवढं लोखंड जमवायला आपण काय भंगारवाले आहोत का?

मागच्या थंडीत मात्र ते पोतं मी माझ्याच हातानं अंगणात रिकामं केलं. त्याचं कारण आदल्या दिवशीच्या जेवणात होतं. गाडीची क्लच प्लेट चौथ्यांदा बदलावी लागली होती, आणि हे ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "काढून टाकू ही गाडी. पांढरा हत्ती झालाय नुसता. किती दिवस पोसायचा?"

मी भाकरी मोडता मोडता थांबले. गाडी गेली तर माझं काही अडत नव्हतं, मी शाळेत स्कूटीवर जाते. अडत होतं आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे वडील, जसोंडीला भावाकडे असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं, बोलणं पण गेल्यासारखंच. शनिवारी त्यांना भेटायला आम्ही आधीही जायचो, पण तेव्हापासून दर शनिवारी गाडी घेऊन जातो, त्यांना इकडं आमच्या बुऱ्हाणपूरला व्यायामाच्या डॉक्टरकडे आणतो, संध्याकाळी परत सोडतो. रिक्षात बसवून पाहिलं होतं एकदा, ते एका अंगाला कलंडायला लागले. गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा लावला की मात्र नीट बसतात. परतताना आपली केळीची बाग आली की डाव्या हातानं काचेखाली टकटक करतात. मग आम्ही थांबतो. ते बागेकडं बघत राहतात. पुन्हा टकटक केली की निघायचं. आठवडाभर खाटेवर पडून असलेल्या माणसाचं एवढंच बाहेर पडणं होतं, आणि आमच्या वयात, ह्यांची रिटायरमेंट तोंडावर आलेली असताना, ही गाडी गेल्यावर दुसरी येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

रागाचा काही उपयोग नसतो, हे मला कळतं, तरी येतो. पण मी आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते. घर्षणाचा धडा शिकवून माझी तीस वर्षं गेली. म्हटलं, एकच पार्ट सारखा सारखा का जातो, हे बघू तरी.

अंगणात पेपर पसरले आणि एकेक वस्तू मांडली. ब्रेकचे गुटके, चार प्लग, एक पट्टा, काही रबरं, वायपरच्या काड्या. अकरा वर्षांच्या मानानं ढीग अगदीच लहान निघाला. इंजिन उघडून काढलेलं तर काहीच नाही. आणि एका बाजूला त्या चार क्लच प्लेटा. क्लच प्लेट म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना देणारी आणि पाय दाबला की तोडणारी चकती. चारही एकसारख्या झिजलेल्या, काचेसारख्या गुळगुळीत. सोबतच्या लोखंडी चकत्यांवर निळे-जांभळे डाग होते. रिकामा तवा गॅसवर विसरला की त्याला जसा रंग चढतो तसा. म्हणजे काहीतरी घासत होतं आणि तापत होतं, आणि ते रोजचं होतं.

हत्ती म्हणावा तर खातो फक्त प्लेटा. असा कोणता हत्ती असतो?

सोमवारी शाळेत आमच्या हिंदीच्या मॅडमना विचारलं. त्यांची गाडी आमच्याच मॉडेलची, आमच्याच वर्षी घेतलेली. त्या म्हणाल्या, "क्लच? वो भी बदलना पड़ता है क्या?" मी घरी येऊन ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, "त्या राहतात स्टेशनकडे, मोकळ्या रस्त्याला. आपल्या इतवाऱ्याच्या गल्लीत चालवून दाखवा म्हणावं." बोलणं खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत हातगाड्या, रिक्षा, सुताची पोती, सगळं एका वेळी चालतं. मग मी शेजारी कापडाचे लूम चालवणाऱ्या शेठना विचारलं. त्यांची गाडी आमच्यापेक्षा जुनी, गल्ली तीच, गर्दी तीच. प्लेट एकदाच बदललेली.

"मग आपलीच गाडी खराब," हे म्हणाले. "काही गाड्या जन्मापासूनच तशा असतात."

"मग इंजिन कसं चांगलं?" मी विचारलं. ह्यांनी पेपर उघडला.

त्या शनिवारी जसोंडीला निघालो तेव्हा मी एक गोष्ट केली, जी अकरा वर्षांत कधी केली नव्हती. शेजारी बसून मी रस्त्याकडं न बघता ह्यांच्या पायांकडं बघितलं. डावा पाय क्लचवर. गल्लीत होता ते ठीक. इतवाऱ्यातून बाहेर पडलो, रस्ता मोकळा झाला, चौथा गिअर पडला, तरी पाय तिथंच. टाच हवेत, पंजा क्लचवर अर्धवट टेकलेला. गावात पोचेपर्यंत तो पाय एकदाही खाली आला नाही. ओठावर आलेलं मी मिस्त्रीसाठी राखून ठेवलं. माझ्या स्वभावाच्या मानानं ते फार झालं.

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून थेट मिस्त्रीकडं गेले. हा म्हातारा मिस्त्री पहिल्यापासून आमची गाडी बघतो. मी विचारलं, "पाय सारखा क्लचवर असला तर प्लेट जळते का?"

त्यानं हात फडक्याला पुसले. "मॅडम, गाडी तो सोना है. पहली प्लेट निकली तब्बीच समज गया था मैं."

"मग अकरा वर्षं तोंडात गुळणी धरली होती का?"

"एक बार बोला था साहेब को. बोला, पाँव नीचे रखो. साहेब नाराज हो गए, छे महीने आएच नहीं. गाडी दूसरे के पास गई, वो अच्छा-भला इंजिन खोलने बैठा था." तो स्टुलावर बसला. "मैंने सोचा, प्लेट जाती तो जाने दो. गाडी बची रहे."

"आणि तुमचा धंदाही."

"वो भी," तो हसला. मला राग यायला हवा होता, पण माणूस खरं बोलला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तसं झालं होतं माझं. शाळा विचारली, शेजार विचारला, आणि उत्तर माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलं.

घरी आले तर हे चहा घेत होते. सांगायची एक रीत असते, ती मला कधी जमली नाही. पर्स टेबलावर टाकली आणि म्हटलं, "गाडीत काही खोट नाही. नाचता येईना अंगण वाकडं. तुमचा पाय क्लचवरून हलत नाही, म्हणून प्लेटा जळतात. मिस्त्रीला पहिल्यापासून माहीत आहे."

मला वाटलं, आता वाजणार. ह्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "मलाही माहीत आहे."

बाहेर शेठचे लूम चालू होते, खटखट खटखट. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"गाडी घेतली त्याच वर्षीची गोष्ट," हे म्हणाले. "जसोंडीच्या अलीकडं चढ आहे ना, तिथं पुढं केळीचा ट्रॅक्टर थांबला. मी पण थांबलो. निघताना क्लचवरचा पाय पटकन उचलला, गाडी बंद पडली अन् मागं घसरली. आरशात बघतो तर मागं एक बाई, डोक्यावर गवताचा भारा. तिला काही दिसतच नव्हतं. हातभर राहिलं असेल. तू मागं झोपलेली, पोरगी तुझ्या मांडीवर."

"मला बोलला नाहीत."

"काय बोलणार? त्या दिवसापासून पाय उचलायची हिंमत होत नाही. क्लचवर पाय असला की वाटतं, गाडी आपल्या हातात आहे. शनिवार उजाडूच नये असं वाटतं बघ. गाडी विकावी असं मला प्लेटीमुळं नाही वाटत, त्या चढामुळं वाटतं. पण आप्पा तुझे. नाही कसं म्हणू?"

अकरा वर्षांचे शनिवार माझ्या डोळ्यापुढून गेले. आप्पा धडधाकट होते तेव्हाचे आणि नंतरचे. त्यातल्या प्रत्येक शनिवारी हा माणूस भीत भीत मला माझ्या बापाकडं घेऊन जात होता, आणि मी शेजारी बसून म्हणत होते, जरा जोरात चालवा की, बैलगाडी आहे का. मला माझीच लाज वाटली. चहा गार झाला होता, तो मी पुन्हा तापवायला घेतला.

"विकायची नाही," मी गॅसकडं तोंड करून म्हटलं. "मी चालवीन."

"तू?"

"मी. का, मला पाय नाहीत?"

बावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. शिकवणारा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, पण माझ्यावर ओरडायचा चांगला. लायसन हातात आल्यावर पहिल्यांदा गल्लीतून गाडी काढली तर इतवाऱ्याच्या बाजारात चार वेळा बंद पडली. मागचा रिक्षावाला म्हणाला, "आंटी, धक्का दूँ क्या?" मी म्हटलं, "पहले तू हॉर्न बजाना बंद कर." हे डाव्या सीटवर सीटबेल्ट मुठीत धरून बसलेले. त्यांचा डावा पाय चटईवर दाबलेला, जसा काही तिथंही क्लच होता.

आप्पांना घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला स्टेअरिंगवर बघितलं, मग मागं बसलेल्या जावयाकडं बघितलं, आणि तोंडाची चांगली बाजू हसली. त्या दिवशी बागेपाशी मी त्यांच्या टकटकीची वाट न बघता थांबले. त्यांनी तरी टकटक केलीच. आधी त्यांनी सांगायचं, मग आपण थांबायचं, अशी पद्धत आहे.

मग एका शनिवारी तो चढ आला आणि बरोबर पुढं ट्रॅक्टर थांबला, केळीनं भरलेला. आप्पांना आणायला निघालो होतो, म्हणून पुढं आम्ही दोघंच. ह्यांनी डोळे मिटले. मी हँडब्रेक ओढला, ट्रॅक्टर हलल्यावर क्लासमध्ये शिकवलं तसा हळूहळू सोडला, गाडी पुढं निघाली, मागं बोटभरही गेली नाही.

"झालं?" ह्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं. मागं कोणी नव्हतंही."

ह्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना केळी, मधेच कापसाचा तुकडा. मग म्हणाले, "ही पाण्याची टाकी केव्हा बांधली?"

मी बघितलं. गावाची उंच टाकी, रस्त्याला अगदी लागून. तिच्या सावलीतून दर शनिवारी आमची गाडी जाते.

"सात वर्षं झाली असतील," मी म्हटलं.

"हो का?" हे म्हणाले, आणि मान वळवून ती मागं पडेपर्यंत बघत राहिले. मग पुढं एका बागेकडं बोट करून विचारलं, "अन् ही कोणाची?"

मी गाडी जरा हळू केली आणि सांगायला लागले.